सब चालू केला की बास कमी होतो: क्रॉसओव्हरवरचा खड्डा शोधताना

महिनाभर खपून तीन-वे ॲक्टिव्ह स्पीकर बांधले, वूफर, मिड, ट्वीटर अशा प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा ॲम्प दिला, डीएसपीत (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या उपकरणात) क्रॉसओव्हर, म्हणजे कोणते सूर कोणी वाजवायचे ते वाटणारा फिल्टर, बसवला, शेवटी मोठ्या हौसेने सब, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा सबवूफर, जोडला. आणि बास वाढायच्या ऐवजी गेला. म्हणजे अगदी खालची घरघर आली, पण पोटात बसणारा ठोका नाहीसा झाला. हा बिघाड मी स्वतःच्या सेटमध्ये तीनदा निस्तरलाय आणि दुसऱ्यांच्या सेटमध्ये किती वेळा त्याची मोजदाद ठेवलेली नाही. कारण दर वेळी वेगळं निघतं, पण प्रकार एकच: सब आणि मेन (डावा-उजवा मुख्य) स्पीकर दोघेही ठणठणीत असतात आणि एकमेकांचा आवाज खातात. म्हणून ॲम्प बदलणं, जास्त वॉटचा सब घेणं, ईक्यूने (इक्वलायझरने) ८० हर्ट्झ उचलणं यातलं काहीही लागू पडत नाही.

लक्षणं

- सब म्यूट केला की किक ड्रम जास्त भरीव वाटतो. ही सर्वांत पक्की खूण.
- बेस गिटारचे दोन-तीन सूर गायब, त्यांच्या खालचे मात्र खोली हलवतात.
- डग्ग्याची मींड घसरत जाताना मध्येच पोकळ होते आणि पुढे पुन्हा भरते.
- ईक्यूने त्या जागी ६ डेसिबल चढवले तरी कानाला फरक नाही, पण ॲम्पचा क्लिप दिवा (ताकदीची मर्यादा ओलांडल्याची खूण) लुकलुकतो.
- सबचा आवाज वाढवला की घुमतं, कमी केला की पातळ होतं. मधली जागा सापडतच नाही.

गुणगुण, सळसळ, कडकड ही लक्षणं असतील तर प्रश्न अर्थिंगचा, गेनचा किंवा एखाद्या सैल जोडाचा आहे. तो इथे नाही.

सुरुवातीला डीएसपीतली सध्याची मांडणी वेगळ्या नावाने सेव्ह करा. रूम करेक्शन (खोलीनुसार आवाज आपोआप सुधारणारी सोय) आणि सगळे ईक्यू बंद ठेवा, फक्त क्रॉसओव्हर चालू. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती कागदावर लिहा. हे सांगितल्यावर सगळे मान हलवतात आणि चौथ्या बदलाला कागद विसरतात. मीही विसरलोय.

उठा आणि चाला

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर आहे असं धरू. ४० ते १६० हर्ट्झ पट्ट्यातला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खळखळाट) बेताच्या आवाजात लावा आणि बसायच्या जागेवरून उठून खोलीभर फिरा. दोन पावलं सरकताच बास भरून आला तर निदान काही भाग तरी खोलीचा आहे. सगळीकडे सारखाच पोकळ असेल तर दोष बहुतेक जोडणीत किंवा फिल्टरमध्ये. एका मिनिटाचं काम, पण पुढे कुठे वेळ घालवायचा हे इथेच कळतं. शुद्ध साइन टोन लावायचा तर आवाज आणखी कमी ठेवा. सलग टोन वूफरच्या कॉइलला संगीतापेक्षा फार लवकर तापवतो.

सबची पोलॅरिटी उलटी करून बघा

पोलॅरिटी म्हणजे प्लस-मायनसची दिशा; ती उलटी झाली की स्पीकरचा कोन (पडदा) बाहेर यायच्या वेळी आत जातो. डीएसपीत सबच्या चॅनलला उलट करण्याचं बटण असतं. नेहमीच्या खुर्चीवर बसून तोच नॉइज लावा आणि दुसऱ्या कोणाला तरी ते बटण दाबायला सांगा. तुम्ही फक्त ऐका.

यामागचं गणित थोडक्यात असं. सारख्याच आवाजाचे दोन स्रोत एका फेजमध्ये, म्हणजे लाटा एकाच वेळी चढत-उतरत (पूर्ण आवर्तन ३६० अंशांचं धरून), मिळाले तर बेरीज ६ डेसिबलने वाढते. ९० अंशांचा फरक असेल तर ३ डेसिबल. १२० अंशांवर काहीच वाढत नाही, एकट्याने वाजावं तेवढंच. १८० वर दोघे मिळून शून्य. तेव्हा बटण दाबल्यावर बास ठळकपणे वाढला तर तुमचे दोन्ही स्रोत १८० च्या जवळपास भांडत होते. ठळकपणे कमी झाला तर पहिलीच स्थिती बरोबर होती. आणि काहीच फरक पडला नाही तर? तर ते ९० अंशांच्या आसपास आहेत, किंवा एक दुसऱ्यापेक्षा इतका मोठा आहे की लहानाने काही बिघडतही नाही, सुधरतही नाही. ‘काही फरक नाही’ हे उत्तर ऐकून लोक पुढे निघून जातात. माझ्या मते तिन्हींत जास्त सांगणारं उत्तर तेच आहे: दोष पोलॅरिटीचा नाही, वेळेचा किंवा पातळीचा आहे.

उलटं केल्यावर सुधारलं म्हणून तिथेच थांबू नका. कुठेतरी वायर उलटी असेल, नाहीतर वेळ अर्ध्या आवर्तनाने चुकली असेल. ८० हर्ट्झचं अर्धं आवर्तन ६.२५ मिलिसेकंदांचं असतं. वेळेची चूक पोलॅरिटीने झाकली तर ८० ला बरं वाटतं, पण ६० आणि १०० ला जुळणी ढळू लागते.

सबच्या मागचे नॉब

खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा चोर इथेच सापडतो, म्हणून घाई करू नका. सबला मागे हात घालून चाचपडू नका, ओढून बाहेर काढा आणि प्लेट ॲम्प (मागच्या पाटीवरचा सबचा स्वतःचा ॲम्प) नीट बघा.

तिथे बहुतेक वेळा स्वतःचा लो-पास (ठरावीक आकड्यावरचे सूर कापणारा) नॉब असतो, साधारण ४० ते १६० हर्ट्झचा. डीएसपी आधीच ८० वर कापतोय आणि हा नॉब पुन्हा कापतोय, म्हणजे फिल्टरवर फिल्टर. एका घरी मालक छातीठोकपणे सांगत होते की नॉब शेवटपर्यंत उजवीकडे आहे. सब पुढे ओढला, टॉर्च मारला, तर नॉब ५० वर. फडकं मारताना फिरला असणार. आता हिशेब करा. डीएसपीतला २४ डेसिबलचा (म्हणजे दर सप्तकाला तेवढ्याने उतरणारा) लिंकविट्झ-रायली जातीचा फिल्टर ८० हर्ट्झला सबला उणे ६ डेसिबलवर ठेवतो, मेनही तिथे उणे ६ वर असतो आणि दोघांची बेरीज सपाट येते. त्यात ५० वरचा १२ डेसिबलचा आणखी एक फिल्टर आला की ८० ला सब जवळजवळ उणे १५ वर जातो आणि फेज १२० अंशांहून जास्त मागे पडतो. बेरीज येते साधारण उणे साडेसात. एकटा मेन उणे ६ वर होता! म्हणजे सबने मदत तर केली नाहीच, वर दीड डेसिबल खाल्ले. ‘सब बंद केला की बरं वाटतं’ याचा अर्थ हाच.

त्यामुळे सबवर बायपास किंवा एलएफई इनपुट (नॉबचा फिल्टर टाळणारा) असेल तर तो वापरा. नसेल तर नॉब सर्वांत वरच्या आकड्यावर न्या आणि त्याचा जो थोडा उशीर उरेल तो पुढे डिलेमध्ये (डीएसपीत मुद्दाम घातलेल्या उशिरात) भरून काढा. फेजचा नॉब शून्यावर. बास बूस्ट, मूव्ही मोड वगैरे सगळं बंद. ऑटो स्टँडबायही बंद करा, कारण हळू आवाजात सब झोपी जातो आणि तुम्ही एका झोपलेल्या सबसाठी तासभर डिले फिरवत बसता. सिग्नलच्या वाटेवर पुढे रिसीव्हर असेल तर त्याचीही बास मॅनेजमेंट (खालचे सूर सबकडे वळवणारी सोय) तपासा. त्यात स्पीकर ‘स्मॉल’ आणि ८० हर्ट्झ असेल आणि डीएसपीतही ८० असेल तर मेनवरसुद्धा हाच डबल फिल्टरचा खेळ झालेला असतो. क्रॉसओव्हर एकाच ठिकाणी हवा. कुठे ते तुम्ही ठरवा.

वायर आणि पोलॅरिटी

आधी डावा-उजवा. तोच नॉइज मोनोमध्ये फक्त डाव्यातून वाजवा, मग दोन्हींतून. दुसरा स्पीकर जोडल्यावर बास वाढलाच पाहिजे. उलट पातळ झाला तर दोघांतला एक वूफर उलटा जोडलाय. माझ्याकडे एकदा नेमकं हेच झालं होतं. पेटी बंद करण्याआधी सोल्डर करताना लाल वायर काळ्या टॅगवर गेली आणि दोन संध्याकाळी मी सबचा डिले फिरवत बसलो.

शंका राहिली तर बॅटरीने तपासा. ॲम्प बंद, वूफरच्या दोन्ही वायरी ॲम्पपासून सुट्या, आणि मग १.५ व्होल्टची साधी बॅटरी क्षणभर टेकवा. बॅटरीचा प्लस ड्रायव्हरच्या प्लसला लागल्यावर कोन बाहेर यायला हवा. हे फक्त वूफर आणि सबसाठी. ट्वीटरला बॅटरी लावू नका, त्याची पोलॅरिटी मायकने बघता येते. ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये ट्वीटर आणि ॲम्प यांच्यामध्ये बहुतेक वेळा काहीच नसतं, म्हणून तिथली प्रत्येक चूक थेट कॉइलवर येते. मी तिथे सिरीजमध्ये एक संरक्षक कपॅसिटर ठेवतो. प्युरिस्ट मंडळी नाक मुरडतात, मुरडू द्या.

बॅलन्स्ड केबल घरी बनवली असेल तर एक्सएलआरची (तीन पिनांच्या जोडाची) २ नंबरची पिन प्लस आणि ३ नंबरची मायनस हे दोन्ही टोकांना तपासा. काही जुन्या उपकरणांत हे उलटं असतं.

डीएसपीतली मांडणी

प्रत्येक आउटपुट खरंच त्याच्याच ड्रायव्हरला जातोय ना, हे एकेक चॅनल म्यूट करून पडताळा. ट्वीटरवर चुकून वूफरचा सिग्नल जाऊ नये म्हणून हे अगदी हळू आवाजात. मग बघा की लो-पास आणि हाय-पास (ठरावीक आकड्याखालचे सूर कापणारा) एकाच जातीचे आणि एकाच उताराचे आहेत. २४ डेसिबलच्या लिंकविट्झ-रायलीत दोन्ही बाजू आपोआप एका फेजमध्ये येतात. १२ डेसिबलच्यात दोघांत १८० अंशांचा फरक असतो, तिथे एक बाजू उलटी करावीच लागते. एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला २४ ठेवून ‘कानाला बरं वाटतं’ म्हणणारे भेटतात. पेटीचा विचार करून केलं असेल तर ते अगदी बरोबर असू शकतं. न करता केलं असेल तर नशीब.

पेटीचा विचार म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. स्क्रीनवर दिसतो तो फक्त विजेचा फिल्टर. खोलीत पोचतो तो फिल्टर आणि पेटी मिळून झालेला उतार. मेनची बंद पेटी स्वतःच ६० हर्ट्झला उणे ३ होऊन पुढे १२ डेसिबलने उतरत असेल, तर ८० हर्ट्झला ती आपल्या पदरचा जवळजवळ ६५ ते ७० अंशांचा फेज घालते. वर तुम्ही २४ चा हाय-पास लावला की खरा उतार ३६ चा होतो. सबच्या पेटीचाही असाच काही वाटा असतो, पण ती खाली ट्यून केलेली असल्याने ८० ला तो कमी असतो. त्यामुळे पुस्तकातला सपाट क्रॉसओव्हर पुस्तकातच राहतो.

यावर एक सुटसुटीत तोड आहे. २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली म्हणजे एकामागे एक लावलेले १२ डेसिबलचे दोन बटरवर्थ जातीचे फिल्टर. मेनची बंद पेटी साधारण ०.७ च्या क्यूने (अनुनादाच्या तीव्रतेच्या आकड्याने) ८० हर्ट्झला उणे ३ होत असेल, तर पहिला बटरवर्थ निसर्गानेच दिलाय. विजेने फक्त दुसरा, १२ डेसिबलचा, लावायचा. सबला मात्र पूर्ण २४ चा. होम थिएटरसाठी टीएचएक्सने (थिएटरच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या कंपनीने) रूढ केलेली मांडणी हीच. पोर्टेड (हवेसाठी नळी असलेल्या) पेटीला हे लागू होत नाही. तिथे क्रॉसओव्हर पोर्टच्या ट्यूनिंगपासून जरा वर न्या, नाहीतर मोजमापाशिवाय गत्यंतर नाही.

डिले

टेप लावून अंतर मोजणं ही फक्त सुरुवात. आवाज १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, तेवढा हिशेब सगळे करतात. पण हल्ली बऱ्याच सबच्या पोटात स्वतःचा डीएसपी असतो आणि तो आपला उशीर वर घालतो. वायरलेस सबचा उशीर आणखी वेगळा, म्हणून तपासणीपुरता तो केबलने जोडा. संगणकावर लिनियर-फेज एफआयआर फिल्टर (सगळ्या सुरांना सारखाच उशीर घालणारा) चालवत असाल तर ४८ किलोहर्ट्झला ४०९६ टॅप्सचा (गुणकांचा) फिल्टर जवळपास ४३ मिलिसेकंद मागे ढकलतो. तो मेनला लावलाय आणि सबला नाही, असं असेल तर कान कितीही चांगले असोत, जुळणार नाही.

पद्धत अशी. आधी सब आणि मेन ८० हर्ट्झला एकेकटे वाजवून सारख्या आवाजावर आणा. दोघांत ६ डेसिबलचा फरक राहिला तर पुढचा खड्डाही जेमतेम ६ डेसिबलचाच पडतो आणि कळत नाही. मग सबची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा, ८० हर्ट्झच्या आसपासचा अरुंद नॉइज लावा, आणि जो लवकर पोचतो त्याचा, म्हणजे बहुधा मेनचा, डिले अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने वाढवत जा. मेन म्हणताना वूफर, मिड आणि ट्वीटर तिन्हींना सारखाच डिले, नाहीतर वरचे क्रॉसओव्हर मोडतील. एका जागी आवाज एकदम खचतो. सर्वांत खोल खड्डा जिथे, तिथे दोघे नेमके समोरासमोर आलेत. आता पोलॅरिटी सरळ करा. खड्ड्याच्या जागी डोंगर उभा राहतो.

कमाल शोधण्यापेक्षा खड्डा शोधा, असं मी का म्हणतो? बेरजेच्या माथ्यावर ३०-४० अंश इकडे-तिकडे झाले तरी डेसिबलभरही फरक पडत नाही, कानाला तर मुळीच कळत नाही. खड्डा मात्र टोकदार असतो.

मागच्या वेळी टेपने मेन २.४ मीटर आणि सब ३.१ मीटर निघाला. हिशेबाने मेनला २ मिलिसेकंद पुरायला हवे होते. खड्डा सापडला ६.५ वर. उरलेले साडेचार सबच्या पोटातले आणि पेट्यांच्या फेजचे. नुसत्या टेपवर विसंबलो असतो तर ८० हर्ट्झला १३० अंश चुकलो असतो.

एक धोका आहे. ८० हर्ट्झचं पूर्ण आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचं, त्यामुळे तेवढ्या अंतरावर दुसरा, खोटा खड्डाही सापडतो. म्हणून तोच डिले ठेवून ६० आणि १०० हर्ट्झलाही पोलॅरिटी फिरवून बघा. खरा डिले तिन्ही ठिकाणी बऱ्यापैकी खड्डा देतो.

मायक आणि ग्राफ

इथवर येऊनही जमलं नसेल तर अंदाज पुरे. कॅलिब्रेशन फाइलसह मिळणारा यूएसबी मायक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. मायक कानाच्या उंचीवर, डोकं जिथे असतं तिथे. अकूस्टिक टायमिंग रेफरन्स चालू करा. नाहीतर यूएसबी मायकने घेतलेल्या दोन मोजणींच्या वेळांची आपसात तुलना करता येत नाही, आणि इथे तुलनाच करायची आहे. रेफरन्ससाठी वरच्या पट्टीचा छोटा आवाज लागतो, म्हणून तो चॅनल ट्वीटर असलेला निवडा, सब नव्हे.

तीन मोजण्या घ्या: फक्त मेन, फक्त सब, दोन्ही. क्रॉसओव्हरच्या पट्ट्यात ‘दोन्ही’ची रेघ कुठेही एकट्याच्या रेघेखाली गेली तर भांडण अजून चालू आहे. वर राहिली पण तरी खड्डा दिसतोय, आणि तोच खड्डा एकट्या सबच्या रेघेतही आहे, तर क्रॉसओव्हरला दोष देऊ नका. तो खोलीचा आहे.

खोली

मागची भिंत १.०७ मीटरवर असेल तर तिथून परतलेला ८० हर्ट्झ तुमच्यापाशी अर्धं आवर्तन मागे येऊन थेट आवाजाला मारतो. खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर त्या लांबीच्या पहिल्या मोडचा (भिंतींमध्ये उभ्या राहणाऱ्या स्थिर लाटेचा) खड्डा तुमच्या कानात असतो. ५ मीटर लांब खोलीत तो साधारण ३४ हर्ट्झला. हे खड्डे ईक्यूने भरत नाहीत. थेट आवाज वाढवला की परतणाराही तेवढाच वाढतो. १० डेसिबल चढवायचे म्हणजे ॲम्पकडून दहापट पॉवर मागायची, आणि पदरात पडते ती कॉइलची उष्णता.

खुर्ची अर्धा मीटर सरकवा, फुकट आहे. नंतर सब सरकवा: सब खुर्चीच्या जागी ठेवा, संगीत लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत जिथे बास एकसारखा ऐकू येतो ती जागा शोधा. घरचे हसतील. तेही नाही जमलं तर क्रॉसओव्हर ६० किंवा १०० वर नेऊन बघा, कारण मेन वेगळ्या जागी उभे आहेत आणि त्यांचा खड्डा वेगळ्या ठिकाणी असतो. १०० वर मात्र सब कुठे ठेवलाय हे कानाला कळू लागू शकतं. दुसरा सब हा शेवटचा आणि खर्चिक उपाय, पण उपाय खरा.

इथे हात थांबवा

प्लेट ॲम्प उघडायची वेळ आली की माझं काम संपतं. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर स्विच-मोड सप्लायच्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. जळका वास, दोनदा उडालेला फ्यूज, धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या, इनपुट केबल काढूनही न थांबणारी जोरदार गुणगुण: यातलं काही असेल तर प्लग काढा आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. गुणगुण थांबवायला अर्थची पिन तोडू नका, कोणीही सांगितलं तरी. ॲम्पच्या आउटपुटवर सिग्नल नसताना व्होल्टभर डीसी दिसला तर त्याला एकही ड्रायव्हर जोडू नका. मोजताना मीटरची दोन्ही टोकं त्याच चॅनलच्या प्लस-मायनसवर ठेवा. ब्रिज्ड क्लास-डी ॲम्पचा मायनस ग्राउंड नसतो, तो ग्राउंडला टेकवला तर ॲम्प जाऊ शकतो. कोन हाताने हलक्याने दाबल्यावर घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेलीय, ड्रायव्हर रिकोन करणाऱ्याकडे (कोन आणि कॉइल बदलून देणाऱ्याकडे) न्या.

जुळलं की डीएसपीची फाइल दोन ठिकाणी ठेवा, सबच्या मागच्या पाटीचा फोटो काढा आणि नॉबवर चिकटपट्टी लावा. फडकं पुन्हा फिरणारच आहे.